गुन्हेगाराचं डोकं वाचायच्या नादात तपास करणाऱ्याचं डोकं कोण वाचणार?

रानवाट

सिरीयल किलरवर काही निघालं की चर्चा ठरलेली असते, त्याचं बालपण कसं होतं, बाप मारायचा का, लहानपणी मुक्या प्राण्यांना छळायचा का वगैरे. मीही त्यातलाच, हे सगळं आवडीने वाचणारा. पण हल्ली एक गोष्ट फार खटकायला लागलीये, की प्रत्येक केसमध्ये गुन्हेगाराच्या डोक्यात काय चाललं होतं यावर तासभर किस पाडतात आणि तो माणूस इतकी वर्षं मोकळा कसा फिरत राहिला हे शेवटी दोन वाक्यांत उरकून टाकतात. मला आता तो दुसरा भागच जास्त महत्त्वाचा वाटायला लागलाय.

एकच केस जरा सविस्तर लिहितो. जुलै १९९२, लंडन, विम्बल्डन कॉमन नावाचं मोठं मोकळं रान आहे तिथे एक तरुण आई लहान मुलाला घेऊन फिरायला गेली होती, भर दिवसा तिचा खून झाला, मुलाच्या डोळ्यांदेखत. पेपरांनी रान उठवलं, वरून दबाव, आणि हातात धड पुरावा काहीच नाही. मग पोलिसांनी पॉल ब्रिटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडून खुनी कसा असेल याचं प्रोफाइल करून घेतलं. त्यात बसणारा माणूस सापडला, कॉलिन स्टॅग. एकटा राहणारा, थोडा विक्षिप्त, त्याच रानात कुत्रा फिरवायला जाणारा. असे किती असतील एका शहरात? पण पोलिसांचं ठरलं की हाच.

पुरावा नाही म्हणून काय केलं तर एका महिला पोलिसाला खोटं नाव देऊन त्याच्याशी मैत्री करायला लावली. पत्रं, फोन, भेटी, हे काही महिने चाललं. ती त्याला हिंसक कल्पना लिहायला उत्तेजन द्यायची, आपला स्वतःचा भूतकाळही असाच भयंकर आहे असं सुचवायची, आणि तो बापडा ही बाई आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून तिला आवडेल ते लिहीत गेला. एवढं करूनही खुनाची कबुली त्याने दिली नाही ती नाहीच! तरी १९९३ च्या ऑगस्टमध्ये अटक, वर्षभराहून जास्त कोठडी. शेवटी सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीश ऑग्नॉल यांनी हा सगळा 'पुरावा' फेटाळून लावला आणि केस कोसळली.

आता खरा खुनी. रॉबर्ट नॅपर. याच्या आईने १९८९ मध्येच पोलिसांना फोन करून सांगितलं होतं की माझ्या मुलाने बलात्कार केल्याचं माझ्याकडे कबूल केलंय. सख्खी आई सांगतेय, अजून काय पाहिजे? पोलिसांना वर्णनाशी जुळणारा गुन्हा रेकॉर्डवर सापडला नाही, विषय बंद. पुढे १९९२ मध्ये लंडनच्या दुसऱ्या भागातल्या बलात्कारांच्या तपासात लोकांनी परत त्याचं नाव दिलं, रक्ताचा नमुना द्यायला बोलावलं, तो आला नाही, आणि मग त्याला यादीतून वगळला कारण काय तर तो वर्णनातल्या माणसापेक्षा जास्त उंच आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याने अजून एका आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्या दिवशी स्टॅग तुरुंगात होता. पुढे डीएनए तपासणी सुधारल्यावर नॅपरचा छडा लागला आणि २००८ मध्ये त्याने विम्बल्डनचा गुन्हा कोर्टात मान्य केला.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज बोलून जातो, पण यात चोर तेवढ्या वेळात दुसरीकडे काय करत असतो हे म्हणीत येत नाही.

तर धाग्याचा विषय हा. गुन्हेगाराचं मन समजून घेणं वगैरे ठीकच आहे, पण ज्यांच्या हातात तपास आणि निकाल असतो त्यांच्या मनात एकदा एक गोष्ट बसली की पुढे काय होतं त्यावर बोलूया.

घुबड

भारी धागा, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

याच पठडीतली इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफची केस. १३ बायकांचे खून. पोलिसांनी त्याची चौकशी किती वेळा केली असेल? नऊ वेळा! आणि दर वेळी सोडला. कारण मधल्या काळात कोणीतरी एक टेप पाठवली, मीच तो खुनी म्हणून, आणि तपासाच्या प्रमुखांना ती टेप इतकी पटली की त्या टेपवरच्या माणसाचे उच्चार ज्या भागातले होते त्या भागातला नसेल तर माणूस संशयितांतून बाद. सटक्लिफचे उच्चार वेगळे, सुटला. टेप निघाली खोटी. ती पाठवणारा पुढे पाकिटावरच्या थुंकीच्या डीएनएवरून सापडला आणि २००६ मध्ये आत गेला.

आणि सटक्लिफ पकडला कोणी? कुठल्या प्रोफाइलने वगैरे नाही. जानेवारी १९८१ मध्ये गस्तीवरच्या दोन साध्या पोलिसांनी गाडीची नंबरप्लेट बनावट आहे म्हणून धरला. तोपर्यंत त्याच्याबद्दलची माहिती पोलिसांकडेच होती, फक्त हजारो कागदी कार्डांमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली, एकत्र कोणी बघितली नाही.

सडेतोड

दोन तीन जुन्या इंग्रजी केसेस काढायच्या आणि पोलिसांना झोडपायचं, सोपं आहे. रोज हजारो केसेसमध्ये पोलीस बरोबर माणूस पकडतात त्याचा धागा कोणी काढत नाही. आणि हे मन समजून घेणं वगैरे मला तर शुद्ध टाइमपास वाटतो. विकृत तो विकृत. ज्याने लहान पोरीला मारलं त्याचं मन समजून घेऊन काय करायचंय? कडक शिक्षा, लवकर शिक्षा, विषय संपला. इथे वर्षानुवर्षं खटले चालतात आणि आपण आरोपीच्या बालपणावर रडायचं.

मनकवडी

सडेतोड, तुमचा राग समजतो, पण मन समजून घेणं म्हणजे माफ करणं हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी याच क्षेत्रात काम करते, पूर्वी काही काळ कैद्यांसोबतही केलंय, त्यामुळे थोडं लिहिते.

'विकृत तो विकृत' यातच सगळी गोची आहे. सव्वाशे दीडशे वर्षांपूर्वी लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर हेच म्हणायचा, १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, गुन्हेगार हा जन्मजातच असतो आणि त्याचा जबडा, कान, कपाळ बघून तो ओळखता येतो. शास्त्र म्हणून ते कधीच निकालात निघालं. पण माणसांच्या मनातून गेलंय का? अजिबात नाही. ‘बघितल्याबरोबर कळतं हो’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं, शिकलेल्या लोकांकडून.

प्रत्यक्षात कसं असतं, तर गुन्हे करणाऱ्यांतले बहुसंख्य हे पंधरा ते पंचविशीच्या आसपास करतात आणि मग आपोआप थांबतात. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये हे छान मांडलंय, एक मोठा गट फक्त वयात येताना वाहवत जाणारा आणि एक अगदी छोटा गट लहानपणापासून म्हातारपणापर्यंत तेच करत राहणारा. या दोघांना एकच औषध देऊन चालत नाही. पहिल्या गटातल्या पोराला मोठमोठ्या गुन्हेगारांसोबत पाच वर्षं डांबलं तर तो दुसऱ्या गटाच्या वाटेला लागायची शक्यता आपणच वाढवतो.

आणि तो सिनेमातला थंड डोक्याचा, बुद्धिमान, सगळ्यांच्या चार पावलं पुढे असलेला मनोरुग्ण खुनी, तो मला तरी कधी भेटला नाही. जे भेटले ते बहुतेक घाईत, दारूत, रागात, नाहीतर मित्रांसमोर मोठेपणा मिरवायला काहीतरी करून बसलेले. एकाला मी विचारलं की मारताना काय विचार आला मनात, तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम विचार आला असता तर मारलं असतं का. त्या वाक्यात पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही, तो वैतागून बोलला होता. पण शिक्षेचा धाक या विषयावर एवढं नेमकं मी पुस्तकात वाचलेलं नाही.

धाकावरून आठवलं, बेकारिया नावाचा इटालियन विचारवंत १७६४ मध्ये लिहून गेलाय की शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती होणारच ही खात्री जास्त धाक घालते. नंतरचा अभ्यासही साधारण तेच सांगतो. तेव्हा तुमच्या ‘कडक आणि लवकर’ मधलं ‘लवकर’ मला मान्य, ‘कडक’ वर वाद घालू.

सडेतोड

ताई बेकारिया राहू द्या, पण सायकोपॅथ ही गोष्ट तर खरी आहे ना? त्याची टेस्ट असते ऐकलंय. मग सगळ्यांची करा की टेस्ट, कळेल कोण सुधारणार कोण नाही.

मनकवडी

असते. रॉबर्ट हेअर यांची, वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण चाळीस, अमेरिकेत साधारण तीसच्या वर गेलं तर सायकोपॅथी धरतात. उपयोगी आहे, प्रशिक्षित माणसाने नीट वापरली तर. पण मुद्दे बघा, ‘वरवरचं गोड बोलणं’, ‘पश्चात्तापाचा अभाव’. हे गुण कोण देणार? माणूसच देणार ना. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, अनुभवी तज्ज्ञांना त्याच त्या फायली दिल्या, काहींना सांगितलं की तुम्हाला सरकारी बाजूने नेमलंय, काहींना सांगितलं आरोपीच्या बाजूने. फायली सेम, गुण वेगळे. सरकारी बाजूचे समजत होते त्यांनी जास्त गुण दिले. पैसे खाऊन नव्हे हो, मनापासून. रानवाट यांचा धागा त्यावरच आहे, टेस्ट घेणाऱ्याचंही एक डोकं असतं.

शिवाय ज्याने निर्दोष असल्याचा हट्ट धरलाय त्याचा ‘पश्चात्तापाचा अभाव’ कसा मोजणार? खरंच निर्दोष असेल तर पश्चात्ताप कसला करायचा त्याने.

आकडेमोड

मनकवडी +१

लाय डिटेक्टरचंही तेच. गॅरी रिजवे, अमेरिकेतला ग्रीन रिव्हर किलर, १९८४ मध्ये पॉलिग्राफ टेस्ट आरामात पास झाला. पुढे २००१ मध्ये डीएनएवरून सापडला आणि ४८ खून कबूल केले. आपल्याकडे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी केसमध्ये सांगितलंय की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही, ते एक बरं झालं.

अजून एक भन्नाट स्टडी, इस्रायलमधल्या पॅरोल बोर्डाचे निर्णय तपासले, २०११ मध्ये आला होता पेपर, खाऊन पिऊन आल्यावर न्यायाधीश जास्त जणांना सोडतात आणि ब्रेकच्या आधी जवळपास कोणालाच नाही. म्हणजे तुमचं नशीब न्यायाधीशाच्या पोटावर.

काळा डगला

आकडेमोड, तो पोटाचा स्टडी फार फिरतो पण त्याला त्याच वर्षी उत्तर आलंय. केसेस ज्या क्रमाने बोर्डासमोर येत होत्या तो क्रम रँडम नव्हता, ज्यांना वकील नाही असे कैदी बहुधा ब्रेकच्या आधी शेवटी यायचे, आणि वकील नसला की सुटायची शक्यता तशीही कमी. न्यायाधीशाच्या पोटापेक्षा आरोपीला वकील आहे का नाही याने निकाल फिरतो. वकिली करत असल्याने मला हे सांगायला आनंदच होतोय :)

आता कबुलीजबाबावर लिहितो कारण धाग्याचं मर्म मला तिथे वाटतं. सामान्य माणसाची पक्की समजूत असते की न केलेला खून कोणी कशाला कबूल करेल. मारहाण झाली तर करेल, एवढं मान्य करतात. पण न मारताही करतात. सोळा तास एकाच खोलीत, झोप नाही, समोरचा सतत सांगतोय की आमच्याकडे पुरावा आहे, तू फक्त सांग कसं झालं म्हणजे घरी जाशील. दमलेल्या माणसाला दहा वर्षांनंतरचा तुरुंग दिसत नाही, त्याला समोरचं दार दिसतं. वयाने लहान असेल किंवा समज कमी असेल तर अजूनच लवकर.

अमेरिकेत चौकशीची रीड टेक्निक म्हणून जी पद्धत पोलिसांना शिकवली जाते तिचा जनक जॉन रीड. त्याचं नाव मोठं झालं ते १९५५ च्या एका केसमुळे, नेब्रास्कातला एक तरुण, बायकोचा खून झाला होता, रीडने तासन्‌तास प्रश्न विचारून त्याच्याकडून कबुली मिळवली. नंतर कळलं की खून दुसऱ्यानेच केला होता, त्या दुसऱ्याने आपल्या वकिलांकडे दिलेली कबुली तो मेल्यावर उघड झाली. २०१२ मध्ये राज्याने त्या नवऱ्याला अधिकृतपणे निर्दोष मानलं, तेव्हा तो म्हातारा झाला होता. म्हणजे ज्या केसमुळे ती पद्धत नावारूपाला आली तीच केस खोट्या कबुलीची.

आपल्याकडे या बाबतीत कायदा मुळात शहाणा आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून हे कलम आहे, कलम २५, आता नव्या अधिनियमात २३. इंग्रजांनाही आपल्या पोलिसांवर भरवसा नव्हता असं आम्ही गमतीने म्हणतो. पण त्याला एक खिडकी ठेवलीये, जुनं कलम २७. आरोपीने सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. मग होतं काय, की निम्म्या चार्जशीटमध्ये सेम कथा, आरोपीने पंचांसमक्ष निवेदन दिलं की मी सुरा झुडपात लपवलाय, चला दाखवतो, आणि सगळे सरकारी गाडीत बसून गेले. मेमोरंडम पंचनामा म्हणतात याला. मी एक पंच तपासला होता उलटतपासात, त्याला झुडूप रस्त्याच्या डाव्या बाजूला की उजव्या हे सांगता येईना, गाडीतून उतरलेलाच आठवेना. सही मात्र त्याचीच, सुंदर अक्षरात.

हे लिहितोय म्हणून सगळ्या जप्त्या खोट्या असं म्हणत नाहीये. पण खऱ्या खुन्याविरुद्धसुद्धा असा उसना पुरावा लावला की तो पुढे कोर्टात टिकत नाही आणि खरा खुनी सुटतो, मग लोक म्हणतात कोर्टाने सोडला.

रानवाट

काळा डगला, जबरदस्त. कबुलीवरून चिकाटिलोची केस लिहायलाच पाहिजे, सोव्हिएत रशियातला. पहिला खून १९७८ मध्ये, नऊ वर्षांची मुलगी. त्या भागात अलेक्झांडर क्रावचेन्को नावाचा एक माणूस राहायचा ज्याला आधी तशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. झालं! बायको सांगत होती की तो त्या संध्याकाळी घरी होता, तर तिच्यावरच दबाव आणून तिचा जबाब फिरवला, त्याच्याकडून कबुली घेतली, आणि १९८३ मध्ये त्याला देहदंड दिला. सडेतोड, हे अगदी तुमच्या मनासारखं झालं होतं, कडक शिक्षा आणि गुन्हेगार पूर्वीचा.

खरा चिकाटिलो १९८४ मध्ये हातात सापडला होता, बॅगेत सुरी आणि दोरी. पण घटनास्थळी मिळालेल्या नमुन्याचा गट आणि याच्या रक्ताचा गट जुळला नाही आणि प्रयोगशाळेच्या कागदावर विश्वास ठेवून त्याला खुनांच्या संशयातून मोकळा केला. १९९० पर्यंत तो मारत राहिला, ५२ खून कोर्टात सिद्ध झाले.

मात्र यात मानसशास्त्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर धागा एकतर्फी होईल. बुखानोव्स्की नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आधीच त्या अज्ञात खुन्याचं लांबलचक वर्णन लिहून ठेवलेलं. १९९० मध्ये पकडल्यावर चिकाटिलो बरेच दिवस काही बोलेना, दरडावून उपयोग झाला नाही. मग बुखानोव्स्कीला आत पाठवलं, त्याने ते लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं आणि हा फुटला, सगळं सांगायला लागला. म्हणजे माणूस शोधायला ते वर्णन कामी आलं नाही पण सापडलेल्या माणसाशी बोलायला आलं. मला वाटतं या शास्त्राची खरी जागा तिथे आहे.

घुबड

आणि सांगितलेल्या जागा दाखवल्या, कोणालाच माहीत नसलेले खूनही सांगितले. खऱ्या कबुलीची खूण ती. पोलिसांना आधीच जे माहीत आहे तेवढंच आरोपीच्या तोंडी असेल तर समजावं ते कुठून आलं.

अवांतर: उलट टोकाचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला खुनी डॉ. हॅरॉल्ड शिपमन. गावातला आवडता डॉक्टर, म्हातारे पेशंट त्याच्याकडेच जायचे. १९९८ च्या मार्चमध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने शंका घेतली की याचे पेशंट फारच मरतायत. पोलिसांनी वरवर तपास करून महिन्याभरात फाईल बंद केली. त्याच्यावर १९७६ मध्ये खोट्या चिठ्ठ्या लिहून पेथिडीन (नशा आणणारं वेदनाशामक) मिळवल्याचा गुन्हा सिद्ध झालेला होता, तेवढं रेकॉर्डसुद्धा बघितलं नाही. त्यानंतर अटक होईपर्यंत अजून तीन जण मेले. चौकशी आयोगाने एकूण २१५ बळी निश्चित केले. क्रावचेन्कोला जुना गुन्हा नडला आणि याचा जुना गुन्हा कोणी उघडूनही बघितला नाही, डॉक्टर होता ना.

आकडेमोड

डोळ्यांनी बघितलेल्या साक्षीवर कोणीच लिहिलं नाही अजून. एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि काहींना विचारलं गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं ‘टेकल्या’ तेव्हा किती होता. फिल्म तीच, पण पहिल्यांनी वेग ताशी ४० मैल सांगितला तर दुसऱ्यांनी ३२ च्या आसपास. आठवड्याने विचारलं फुटलेली काच बघितली का, तर जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जण हो म्हणाले. काच नव्हतीच.

याचा खऱ्या आयुष्यातला नमुना म्हणजे रोनाल्ड कॉटन. १९८४, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना. पीडित मुलीने अत्याचार चालू असतानाच ठरवलं होतं की याचा चेहरा लक्षात ठेवायचा, सुटले तर याला ओळखायचं. मन लावून तिने तो पाठ केला. फोटोंमधून तिने कॉटनला निवडलं, मग ओळख परेडमध्येही त्यालाच, आणि तपास अधिकाऱ्यांनी तिला सांगितलं की फोटोतही तू यालाच निवडलं होतंस. झालं, शंका होती ती गेली. दुसऱ्या खटल्याच्या वेळी खरा बलात्कारी बॉबी पूल याला तिच्यासमोर कोर्टात उभा केला, ती म्हणाली याला मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. खोटं बोलत नव्हती ती. तिच्या आठवणीत तोपर्यंत कॉटनचाच चेहरा बसला होता. १९९५ मध्ये डीएनएने कॉटन सुटला, साडेदहा वर्षांनी.

यावर उपाय फार स्वस्तातला आहे. जो अधिकारी परेड घेतोय त्याला संशयित कोणता हेच माहीत नसावं आणि साक्षीदार किती खात्रीने ओळखतोय हे त्याच क्षणी लिहून घ्यावं. नवीन मशीन नको, बजेट नको.

काळा डगला

ओळख परेडचं आपल्याकडे घोडं अजून आधीच अडतं. आरोपीला अटक करून पोलीस स्टेशनला नेताना किंवा कोर्टात आणताना साक्षीदाराने बघितलेलं असतं, नाहीतर पेपरात फोटो आलेला असतो, आणि मग दोन महिन्यांनी परेड.

महाराष्ट्रातलीच एक केस सांगतो, नावं देत नाही. २००३ मधला अत्यंत क्रूर गुन्हा, दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी कायम केली, हायकोर्टाने ज्या तिघांना जन्मठेप दिली होती त्यांचीसुद्धा फाशीवर नेली. आणि २०१९ मध्ये फेरविचारात त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारणांत एक कारण वाचा म्हणजे झोप उडेल: वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांचे फोटो ओळखून दाखवले होते. त्या चौघांचा पुढे तपासच केला नाही. सहापैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली.

गुन्हा इतका भयानक होता की वाचणाऱ्या कोणाचंही रक्त उसळेल. तिथेच गडबड होते. गुन्हा जितका भयानक तितका पुरावा जास्त घट्ट लागला पाहिजे, प्रत्यक्षात उलट होतं, गुन्ह्याची भीषणताच पुराव्याच्या जागी बसते.

सडेतोड

२००९ ची आणि २०१९ ची गोष्ट मला माहीत नव्हती. ते अल्बमचं वाचून धक्का बसला हे खरं. पण माझा मूळ मुद्दा राहतोच, खरा गुन्हेगार असेल आणि पुरावा पक्का असेल तरी पंधरा वर्षं लावता ना तुम्ही वकील लोक? त्याचं काय? पीडितांच्या बाजूने कोणी बोलणार का इथे?

पाऊलखुणा

मी बोलते. वाचनमात्र असते इथे, पण सडेतोड यांनी विचारलं म्हणून.

आमच्या घरातल्या एका व्यक्तीवर जीवघेणा हल्ला झाला होता, आरोपी ओळखीचा, जागेवर पकडलेला, म्हणजे कोण याचा प्रश्नच नव्हता. तरी खटला उभा राहायला वर्षं गेली. कुठलं कोर्ट, कुठलं शहर सांगत नाही. तपास अधिकारी बदलून गेले, त्यांच्या जागी आलेल्यांना केस माहीत नाही, सरकारी वकील बदलले, प्रत्येक नव्या वकिलांना आम्ही पहिल्यापासून सगळं सांगायचं. साक्षीला बोलावलं की सकाळी जाऊन बसायचं आणि संध्याकाळी कळायचं आज होणार नाही, समोरच्या वकिलांनी अर्ज दिलाय. आणि ज्या बाकावर आम्ही बसायचो त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपीचे नातेवाईक बसायचे, वेगळी जागाच नव्हती. त्याच्या आईने एकदा मला पाणी देऊ केलं. मी घेतलं, तहान लागली होती.

वर सगळे आरोपीच्या मनाबद्दल आणि पोलिसांच्या मनाबद्दल बोलताय, ते बरोबरच असेल. पण साक्षीदार फितूर झाला की लोक म्हणतात पैसे खाल्ले. आमचा शेजारी साक्षीदार होता, तो शेवटी म्हणाला मला आठवत नाही. त्याने पैसे खाल्ले नव्हते हो, त्याला खरंच रजा शिल्लक नव्हती. मला फाशी नको होती कोणाला. मला एवढंच हवं होतं की पुढची तारीख खरी असावी आणि कोणीतरी फोन उचलावा.

मनकवडी

पाऊलखुणा, लिहिलंत ते फार बरं केलंत. सध्या एवढंच म्हणते.

काळा डगला

पाऊलखुणा ताई, खरंय तुमचं, आणि सडेतोड, वकिलांवरचा आरोप अर्धा मान्य. तारखा आम्ही मागतो. पण मागितलेली तारीख देणारा वर बसलेला असतो, समन्स न बजावणारा पोलीस असतो, आणि एका एका कोर्टापुढे दिवसाला बोर्डावर इतकी प्रकरणं असतात की कोणीच तारीख मागितली नाही तरी सगळी चालणं शक्यच नाही.

या उशिराची दुसरी बाजू पण बघा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगात दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला संपलेलाच नाही असे. नवीन कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर जामिनावर सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. पण कोणाचा एक तृतीयांश कधी भरला हे बघणारं कोणीतरी हवं ना. जुनी रुदल शाह केस आहे बिहारची, तो माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि प्रत्यक्ष तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. मध्ये चौदा वर्षं. त्यात कोणाचाच दुष्ट हेतू शोधून सापडणार नाही.

आकडेमोड

चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं केलं तर? इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर टेप करायला लागले आणि नव्वदीत चौकशीची पद्धतच बदलली, आरोपीला कोंडीत पकडण्यापेक्षा माहिती काढण्यावर भर. गिल्डफर्ड फोर, बर्मिंगहॅम सिक्स या केसेसमध्ये निर्दोष लोक चौदा-सोळा वर्षं आत राहिल्यावर त्यांना शहाणपण आलं. आपल्याकडे पोलीस स्टेशनात कॅमेरे लावायचा आदेश आहे ना?

काळा डगला

आहे. डिसेंबर २०२० चा सुप्रीम कोर्टाचा, परमवीर सिंग सैनी केस. प्रत्येक पोलीस स्टेशनात, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे, आवाजासकट, आणि फुटेज अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवायचं. प्रत्यक्षात मागायला गेलं की कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद असतो नाहीतर हार्डडिस्क भरलेली असते. तरीही ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: अटकेनंतर पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर नेतात तेव्हाच फुटेज जपून ठेवायचा लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळ टाकून. चार्जशीट येईपर्यंत थांबलात, मग आरोप निश्चित होईपर्यंत थांबलात, तर तोवर वर्ष उलटतं आणि मग फुटेज पुसलं गेलं हे उत्तर नियमात बसतं.

सडेतोड

हा अर्ज तक्रारदाराला पण देता येतो का? म्हणजे माझी तक्रारच घेतली नाही, ठाण्यातून हाकलून दिलं तर?

काळा डगला

देता येतो. तुम्ही आत कधी शिरलात आणि बाहेर कधी पडलात तेवढं तरी दिसेलच. त्याच दिवशी वरिष्ठांना ईमेल टाका, त्यावर वेळ आपोआप पडते.